पाटगावचा मध: घ्यावा का, कधी घ्यावा, कुणाचा घ्यावा

कोल्हापूरकर गूळ घेताना ढेपेचा तुकडा काढून कणी बघतो, जिभेवर ठेवतो आणि रंग गरजेपेक्षा पिवळाधमक दिसला तर दुसऱ्या ढेपेकडे वळतो. मध घेताना ही पारख कुठं जाते कळत नाही. बाटलीवर ‘शुद्ध’, ‘जंगली’ असं काही छापलेलं असलं की पुरतं. पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून नावारूपाला आल्यापासून तर ‘पाटगावचा आहे’ एवढं सांगितलं तरी बाटली खपते. मध खरोखर चांगला आहे, आणि म्हणूनच तो डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा.

निकाल आधीच सांगून टाकतो. सातेरी या इथल्या देशी माशीचा, पेटीतला, पोळ्याची घरं मेणानं बंद झाल्यावर यंत्रातून काढलेला आणि मेच्या मध्याच्या आत बरणीत गेलेला पाटगाव खोऱ्यातला मध कोल्हापूर जिल्ह्यात मिळणाऱ्या मधांत पहिल्या पंगतीचा आहे. त्याच खोऱ्यातला, पण घाईनं काढलेला किंवा वळवाच्या पावसानंतरचा पातळ मध जुलैपर्यंत बरणीत फसफसू लागतो. दोन्हींवर नाव एकच असतं. हा फरक ओळखता आला, तर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा प्रवास सार्थकी लागतो.

पाटगाव भुदरगड तालुक्याच्या पश्चिमेला, अगदी डोंगराच्या कुशीत आहे. कोल्हापुरातून इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा करत गारगोटी, तिथून कडगावमार्गे पाटगाव. मुदाळतिट्ट्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. गारगोटी सोडली की ऊस विरळ होत जातो, भाताच्या खाचरांची आणि नाचणीची रानं दिसू लागतात आणि कडगावनंतर झाडी अंगावर येते. वेदगंगा याच खोऱ्यातून खाली येते. गावाजवळच्या धरणाच्या जलाशयाला मौनीसागर म्हणतात. नाव गावातल्या मौनी महाराजांच्या मठावरून आलं आहे. दक्षिण दिग्विजयाला निघण्याआधी शिवाजी महाराज त्यांच्या भेटीला आले होते, असं इथं घरोघरी सांगतात. गावाच्या मागं सह्याद्रीची धार, धारेवर रांगणा किल्ला आणि धारेच्या पलीकडं एकदम सिंधुदुर्ग.

हे वर्णन सहलीच्या हौसेपोटी केलेलं नाही, मधाची चव इथूनच ठरते. सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात फिरते. पेटी जिथं ठेवली असेल त्या परिघातली झाडं म्हणजेच तुमच्या बरणीतला मध. पाटगाव, मठगाव, शिवडाव, तांब्याची वाडी या भागात त्या परिघात जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा, ऐन, किंजळ आणि कारवी येते. खालच्या ऊसपट्ट्यात पेटी ठेवली तर उसापासून माशीला जवळजवळ काही मिळत नाही. उलट हंगामात गुऱ्हाळ चालू असलं की माश्या थेट रसावर आणि काकवीवर जाऊन बसतात. तो रस त्या पेटीत साठवतात, त्यावर मेणाचं झाकणही लावतात. दिसायला मध, पण त्यात फुलाचा अंश नाही. त्यामुळं ‘भुदरगडचा मध’ एवढं उत्तर पुरेसं नाही. पेटी कुठल्या गावच्या शिवारात होती, हे विचारलंच पाहिजे, आणि पेटी स्वतः हाताळणारा मधपाळ ते एका वाक्यात सांगतो.

आता माशी. बाजारात ‘जंगली मध’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिला आग्या मोहोळाचा. आग्या माशी पेटीत राहत नाही. उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठं पोळं लटकवते. त्यातला मध भरपूर असतो, पण तो कसा काढला यावर सगळं अवलंबून आहे. जुन्या पद्धतीत धूर करून, जाळ लावून अख्खं पोळं पाडतात आणि फडक्यात घालून पिळतात. त्यात अळ्या, परागकण, मेण, राख सगळं उतरतं. असा मध गढूळ असतो, लवकर आंबतो आणि वसाहत तर मेलेलीच असते. पोळ्याचा फक्त वरचा, मधाचा भाग कापून घेऊन पिल्लांचा भाग तसाच ठेवण्याची पद्धत शिकवली जाते आणि काही मधपाळ ती पाळतातही. पण गिऱ्हाईकाला नुसत्या बरणीकडं बघून हा फरक कळायची शक्यता कमी. चमचाभर मध पांढऱ्या बशीत पसरून उजेडात धरा. पिवळसर गाळ आणि बारीक तंतू तरंगताना दिसले तर पिळलेला समजा.

दुसरा मेलिफेरा माशीचा. ही परदेशी जात, पेट्यांमधली, मध जास्त देणारी. पण तिला फुलोऱ्याच्या मागं-मागं फिरवावं लागतं. सूर्यफूल, मोहरी, ओवा अशा पिकांत पेट्या ट्रकनं नेतात. मध चांगला असू शकतो, पण तो घाटमाथ्याचा नसतो.

तिसरा सातेरीचा, आणि पाटगावला जायचं ते यासाठी. सातेरी मूळची इथलीच. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. अंधारात राहायची सवय असल्यानं ती लाकडी पेटी स्वीकारते. पेटीचे दोन मजले: खाली पिल्लांची कोठी, वर मधाची कोठी. वरच्या कोठीतल्या चौकटी तेवढ्या काढायच्या, सुरीनं मेणाची झाकणं तासायची, यंत्रात घालून हातानं फिरवायचं. मध बाहेर फेकला जातो, पोळं शाबूत राहतं आणि परत पेटीत जातं. याला महत्त्व आहे. एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असं मधमाशीपालनात धरून चालतात. पोळं वाचलं म्हणजे तेवढा मध आणि माश्यांची तेवढी मेहनत वाचली. सातेरीचं पोळं नाजूक असतं. यंत्र जोरात फिरवलं की चौकटीतून निखळतं. मग मधात मेणाचा चुरा येतो आणि वसाहत वैतागून पेटी सोडून जाते. एका पेटीतून वर्षाला मिळणारा मध मेलिफेराच्या मानानं फारच थोडा. म्हणून सातेरीचा मध महाग असतो आणि असायलाच हवा. जो तो दुकानातल्या साध्या बाटलीच्या भावात देऊ करतो, त्याच्याकडं थांबू नये.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव जाहीर झालं. राज्याचं मध संचालनालय महाबळेश्वरातच असल्यानं तिथं ही परंपरा जुनी आहे. त्यापाठोपाठ पाटगाव आलं. दोन्हींची तुलना नेहमी होते, म्हणून सांगतो: जंगल बरंचसं सारखं, माशी तीच. पाटगावचा मध अजून मोठ्या बाजारात न हरवता पेटीपासून घरापर्यंत येतो, हा त्याचा मोठा फायदा. बाटलीमागचा माणूस अजून सापडतो.

हंगामाचा हिशोब असा. पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, इथं मध काढायचा प्रश्नच येत नाही. कोल्हापूर शहराच्या कित्येक पट पाऊस या खोऱ्यात पडतो. माश्यांना दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, साठा संपतो. वसाहत जगवायची तर साखरेचा पाक द्यावाच लागतो, वजनानं साखर आणि पाणी निम्मं-निम्मं. याला भेसळ म्हणू नये, तो उपासमारीवरचा उपाय आहे. भेसळ तेव्हा होते, जेव्हा फुलोरा सुरू झाल्यावरही पाक चालू राहतो किंवा पाक देताना वरची मधकोठी काढून ठेवलेली नसते. म्हणून मधपाळाला विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच: साखरपाणी कधी बंद केलं आणि मधकोठी कधी चढवली? जो म्हणतो ‘आम्ही साखर कधीच देत नाही’, त्याच्यापेक्षा जो महिना सांगतो त्याच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

ऑक्टोबरपासून वसाहती सावरतात. हिवाळ्यात थोडाफार मध येतो, पण खरा हंगाम उन्हाळ्याचा. मार्च-एप्रिलला जांभूळ फुलतो, त्याच सुमारास अंजनीला जांभळट-निळे झुपके येतात, मग हिरडा, पुढं गेळा. जांभळाचा मध गडद, तांबूस-काळसर, आधी गोड आणि मागाहून घशाशी किंचित कडवट-तुरट. नवख्या माणसाला वाटतं, गुळाचा पाक घातलाय. तसं नाही, तो कडवटपणा हीच त्याची ओळख आहे आणि या खोऱ्यात घेण्यासारखा मध म्हणून आमचा कौल त्यालाच. भाकरीवर, थालीपिठावर तो उत्तम लागतो. नाचणीच्या भाकरीसोबत तर दुसरं काही लागत नाही. दुधात घालायचा असेल तर फिकट, मिश्र फुलांचा बरा, कारण जांभळाची तुरट चव दुधात उठून दिसते.

जांभळाच्या मधाबद्दल एक गैरसमज मात्र घातक आहे. ‘जांभळाचा आहे, साखरवाल्यांना चालतो’ असं सांगून तो विकला जातो. आयुर्वेदात मधुमेहासाठी सांगतात ती जांभळाची बी. मध येतो फुलातल्या मकरंदातून, आणि त्यात बियांतलं काही नसतं. कुठल्याही मधाचा तीन चतुर्थांशांहून जास्त भाग साखरच असतो, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. मधुमेहाच्या माणसानं तो साखरेइतकाच जपून घ्यावा.

कारवीचा मध ही दुसरी गोष्ट. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, पावसाळ्याच्या शेवटाला डोंगरउतार निळे-जांभळे होतात. त्या वर्षी मिळणारा मध जाडसर आणि सुगंधी असतो. वेगवेगळ्या डोंगरांवरची कारवी वेगवेगळ्या वर्षी फुलू शकते, म्हणून दरवर्षी कुठं ना कुठं तो मिळणं अशक्य नाही. पण दर वर्षी त्याच गावचा ‘ताजा कारवी मध’ विकायला असेल, तर गणित जुळत नाही.

आता मुख्य दुखणं: पाणी. पाटगावच्या मधाबद्दल जी तक्रार परत परत ऐकू येते ती ‘पातळ आहे, म्हणजे पाणी घातलंय’ अशी. बहुतेक वेळा पाणी कुणी घातलेलं नसतं, ते काढलेलंच नसतं. फुलातल्या मकरंदात निम्म्याहून जास्त पाणी असतं. माश्या तो पोळ्यात पसरतात, पंखांनी वारा घालून आटवतात आणि पुरेसा घट्ट झाला की त्या घरावर मेणाचं झाकण लावतात. झाकण म्हणजे मध पिकल्याची माशीनं केलेली खूण. चौकटीतली किमान पाऊण घरं बंद झाल्याशिवाय मध काढू नये, हा नियम. पण कोकणच्या कड्यावर एप्रिल-मेमध्ये खालून दमट वारा चढतो. हवेची आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की मध उलट हवेतलं पाणी ओढू लागतो. त्यामुळं घाटमाथ्यावरचा सातेरी मध नीट पिकवला तरी त्यात पाणी वीस टक्क्यांच्या आसपास राहतं, आणि मेच्या शेवटी वळवाच्या सरींनंतर काढला तर बाविशी-चोविशीपर्यंत जातं. विशी ओलांडलेल्या मधात जात्याच असलेले यीस्ट कामाला लागतात. आधी वर फेस, मग आंबूस वास, मग झाकण उघडताना फुस्स आवाज. काचेची बरणी असेल तर झाकण फुगतं, प्लॅस्टिकची असेल तर बाटलीच गोल होते.

घरी हे तपासायला प्रयोगशाळा नको, वजनकाटा पुरे. एक कोरडी काचेची बाटली घ्या आणि काट्यावर ठेवून शून्य करा. काठोकाठ पाणी भरून वजन लिहून ठेवा. बाटली पूर्ण वाळवून त्याच खुणेपर्यंत मध भरा आणि परत वजन करा. मधाचं वजन भागिले पाण्याचं वजन. चांगला पिकलेला मध १.४० किंवा त्याहून जास्त येतो. म्हणजे जिथं ५०० ग्रॅम पाणी बसतं तिथं ७०० ग्रॅम मध बसला पाहिजे. ६९० च्या खाली गेला तर तेविशीच्या आसपास किंवा वर पाणी आहे, तो वर्षभर ठेवायचा मध नव्हे. भरताना हवेचे बुडबुडे राहू देऊ नका, नाहीतर हिशोब चुकतो. ही चाचणी फक्त पाणी दाखवते. घट्ट साखरपाकही यात पास होतो, हे लक्षात असू द्या.

याच गणितामुळं बाटलीच्या मापाची फसवणूकही उघडी पडते. खेडोपाडी आणि रस्त्याकडेला मध जुन्या बाटल्यांतून ‘लिटर’वर विकतात. एक लिटर मध म्हणजे सुमारे एक किलो चारशे ग्रॅम. ७५० मिलीच्या बाटलीत किलोभर मावतो. उलट ‘एक किलो’ म्हणून ७०० मिलीची बाटली पूर्ण न भरता दिली, तर तुम्हाला किलो मिळालेला नाही. भाव विचारताना किलोचा की लिटरचा हे आधी ठरवा. भांडणं बहुतेक इथंच होतात.

मग कच्चा मध घ्यावा की प्रक्रिया केलेला? कच्च्याचं कौतुक सध्या फार आहे. पण विशीच्या पुढचा कच्चा मध घरात आंबणार असेल, तर त्या कौतुकाला अर्थ नाही. ६० ते ६५ अंशांवर थोडा वेळ गरम करून गाळलेल्या मधातले यीस्ट मरतात आणि तो टिकतो. सुगंधाचा थोडा भाग जातो, काही एन्झाइम कमी होतात. जास्त तापवला किंवा वर्षानुवर्षं उष्ण जागी ठेवला तर त्यात एचएमएफ नावाचा घटक वाढतो. भारतीय मानकात त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. तेव्हा सरळ सल्ला: दोन-तीन महिन्यांत संपवणार असाल तर कच्चा घ्या, घट्ट बघून. देवघरात पंचामृतासाठी वर्षभर पुरवायचा असेल तर हलकी प्रक्रिया केलेला घ्या. ‘कच्चा’ म्हणजे शुद्ध आणि ‘प्रक्रिया’ म्हणजे भेसळ, ही वाटणी चुकीची आहे.

थंडीत बरणीच्या तळाशी साखर धरली की लोक बाटली घेऊन दुकानात भांडायला जातात. खऱ्या मधाला कणी धरते. त्यातलं ग्लुकोज स्फटिक होऊन बाहेर पडतं. ज्यात ग्लुकोजचं प्रमाण जास्त तो लवकर गोठतो, फ्रुक्टोज जास्त असेल तो उशिरा. सुमारे चौदा अंशांवर ही क्रिया सगळ्यात वेगानं होते, त्यामुळं थंडीच्या दिवसांत मध लवकर गोठतो. कणी धरलेला मध तसाच खाल्ला तरी चालतो. पातळ हवा असेल तर बरणी झाकणासकट हाताला सोसेल इतक्या, चाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवा आणि अधूनमधून पाणी बदला. गॅसवर पातेल्यात मध थेट तापवू नका. उलट कधीच न गोठणारा मध खोटाच असतो, असंही नाही. पण एक सूचना: अर्धवट गोठलेल्या बरणीत वरचा पातळ थर आणखी पाणीदार होतो आणि आंबायला तिथून सुरुवात होते. म्हणून वापरण्याआधी ढवळून एकजीव करा.

शुद्धतेच्या घरगुती परीक्षांबद्दल स्पष्टच बोललं पाहिजे. पाण्याच्या पेल्यात थेंब सोडला की तळाशी जातो, म्हणून शुद्ध. घट्ट साखरपाकही तसाच तळाशी जातो. काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटते का बघायचं. ते मधातल्या पाण्यावर ठरतं, घाटमाथ्याचा अस्सल मध या परीक्षेत नापास होऊ शकतो. मुंग्या लागत नाहीत, कुत्रं खात नाही, कागदावर डाग पडत नाही: यातल्या एकाचाही उपयोग नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं तेरा ब्रँडचे नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त तीन पास झाले. तांदळापासून केलेला खास पाक नेहमीच्या चाचण्यांना चकवा देतो आणि एनएमआर या प्रगत प्रयोगशाळा-तपासणीतच पकडला जातो, हे तेव्हा सर्वांसमोर आलं. प्रयोगशाळेतल्या साध्या चाचण्या जिथं फसतात, तिथं पेल्यातल्या थेंबाची काय कथा? म्हणून गिऱ्हाईकाच्या हातात खरा उपाय एकच: मध जिथून येतो त्या पेटीपर्यंत आणि माणसापर्यंत पोचणं. पाटगावचं मोल तिथंच आहे.

शहरात बादली घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यांकडून मात्र घेऊ नये. बादलीत वर खऱ्या पोळ्याचा तुकडा, चार-दोन जिवंत माश्या आणि खाली बहुधा साखरेचा नाहीतर गुळाचा पाक. ‘आत्ताच समोर काढला’ हे वाक्य ऐकून लोक फसतात. पोळ्याचा तुकडा पुरावा नव्हे. माश्या तर कुठल्याही गोडावर बसतात.

गावात जाऊन घ्यायचा तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा दुसरा आठवडा सगळ्यात चांगला. सकाळी लवकर निघालं तर अडीच तासांत पोचता येतं. एसटीनं जायचं तर गारगोटीत गाडी बदलावी लागते आणि पाटगावकडच्या फेऱ्या मोजक्या आहेत. परतीची वेळ स्थानकावरच पक्की विचारून घ्या. पेट्रोल गारगोटीत भरून घ्यावं. संध्याकाळनंतर कडगावच्या पुढं गवे रस्त्यावर येतात. कळप दिसला तर दिवे मंद करून थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही, मध्ये घुसायचं नाही. एक गवा पलीकडं गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नसतं, मागचे अजून झाडीत असतात.

पेट्या बघायच्या असतील तर फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. काळे, लोकरीचे कपडे, अत्तर, तेलाचा उग्र वास टाळा. पेटीच्या दारासमोर उभं राहू नका, ती माश्यांची ये-जा करायची वाट असते, बाजूला किंवा मागं उभं राहा. पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले दिसतात, ते मुंग्यांसाठी. वाट्या कोरड्या पडलेल्या, पेटीच्या फटींत जाळी आणि मेणाचा भुसा साचलेला दिसला, तर मेणकिडा लागलेला आहे आणि मधपाळाचं लक्ष नाही. अशा ठिकाणचा मध घेण्याआधी विचार करावा. माशी चावलीच तर काटा चिमटीत धरून उपटू नका, नखानं आडवा खरवडून काढा, म्हणजे विषाची पिशवी दाबली जात नाही. चेहरा सुजणं किंवा श्वास लागणं सुरू झालं तर वाट न बघता गारगोटी गाठा. रांगण्याच्या वाटेवर, कड्याला आग्या मोहोळं असतात. तिथं धूर, सिगारेट, फटाके, दगड मारणं हे जिवावर बेतू शकतं.

रांगणा करायचा तर मध आणि गड एकाच दिवशी उरकू नका. पाटगावहून भटवाडी, चिक्केवाडी करत वाट जाते. पुढचा रस्ता जंगलातला, कच्चा आणि पावसाळ्यात गाड्यांना अवघड. गडावर रांगणाई देवीचं मंदिर आणि तळं आहे, आणि कड्यावरून खाली कोकण दिसतं. जेवण, पाणी बरोबरच न्या. हिवाळा त्यासाठी चांगला, पण तेव्हा ताजा उन्हाळी मध मिळणार नाही.

बाटली घेताना काचेची, रुंद तोंडाची बघा. लेबलवर चौदा आकडी परवाना क्रमांक, लॉट आणि पॅकिंगची तारीख असते, पण काढणीचा महिना आणि माशीची जात बऱ्याच बाटल्यांवर लिहिलेली नसते. या मधाचं सगळं मोल त्याच दोन गोष्टींत आहे. सगळ्या लहान विक्रेत्यांना आमचं आग्रहाचं सांगणं: ‘सातेरी, एप्रिल, मठगाव शिवार’ एवढी एक ओळ छापा. भाव चार पैसे जास्त लावला तरी समजणारं गिऱ्हाईक खळखळ करणार नाही.

घरी आणल्यावर झाकण घट्ट, जागा कोरडी आणि अंधारी, फ्रिजच्या बाहेर. ओला चमचा बरणीत घालायचा नाही. पावसाळ्यात कोल्हापूरची दमट हवा उघड्या मधात पाणी सोडतेच, म्हणून मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा पाव किलोच्या बरण्यांत भरून एकेक काढावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, अगदी बोटभरही नाही. जन्मल्या बाळाला मध चाटवायची पद्धत कितीही जुनी असली तरी मधात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यांत ते वाढतात. कितीही शुद्ध मध असला तरी हा धोका कमी होत नाही.

वर्षभराचा साठा करायचा असेल तर मार्चमध्ये जांभूळ फुलल्याची खबर घेऊन ओळखीच्या मधपाळाकडं आगाऊ नोंद करावी आणि काढणी झाल्यावर पंधरा दिवसांनी आणायला जावं. तेवढ्या वेळात मेणाचा चुरा आणि फेस वर येऊन बसतो, तो निथळून घेतलेला मध मिळतो. स्वतःच्या वाळवलेल्या बरण्या घेऊन गेलात आणि तिथंच काट्यावर भरून घेतल्या, तर किलोचा हिशोबही डोळ्यांसमोर होतो.